मोजपट्टी कोणाच्या मापाची?

नोकरीच्या दारात आमच्या मुलांपुढे आता आणखी एक कागद येतो, व्यक्तिमत्त्व चाचणीचा. 'खरे' की 'खोटे' एवढी खूण करायची, की स्वभावाचा निकाल तयार! याला शास्त्र म्हणतात. मग ते घडले कसे, तेही पाहू.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी तयार केलेली प्रश्नावली १९४३ साली आली. 'नॉर्मल' माणूस कोण, हे ठरवायला त्यांनी मुख्यतः इस्पितळात रुग्णांना भेटायला आलेले लोक घेतले. ते गोरे होते. पुढे हीच प्रश्नावली कृष्णवर्णीयांना दिली, तेव्हा स्किझोफ्रेनिया आणि उन्मादाच्या पट्ट्यांवर त्यांचे सरासरी गुण जास्त भरले. ज्याला पोलीस विनाकारण अडवतात, त्याने 'लोकांवर भरवसा ठेवता येत नाही' अशा विधानापुढे 'खरे' लिहिले, तर तो आजार की अनुभव? आणि विहिरीवरून हाकललेल्या आमच्या माणसाने काय लिहावे? ती मोजपट्टी १९८९ साली बदलली, कृष्णवर्णीयांना मापात घेतले. तब्बल ४६ वर्षांनी!

बुद्धिचाचणीबाबत तेथील सर्वोच्च न्यायालय १९७१ सालीच बोलले होते. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात त्याने बजावले, की चाचणीने कृष्णवर्णीय गाळले जात असतील, तर तिचा कामाशी संबंध मालकाने दाखवावा. हेतू चांगला होता, एवढे पुरत नाही.

आमच्या तरुणांनी नकार मिळाल्यास लेखी विचारावे : ही चाचणी कोणत्या लोकांवर प्रमाणित केली? त्यांत आमची वस्ती होती काय? सरकारी भरती असेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा.