वस्तीतले दुकान आणि विहारातला रविवार

आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात एक किराणा दुकान उघडले. ही काय वैचारिक पानावर लिहिण्याची गोष्ट आहे, असे आमचे काही विद्वान मित्र म्हणतील. म्हणोत बापडे. वस्तीतल्या आयाबहिणींना विचारा, त्या सांगतील ही गोष्ट केवढी आहे ते.

उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीत आम्ही राहतो तेथे विहार आहे, वाचनालय आहे, पुतळा आहे आणि मंडळे तर इतकी आहेत की पावतीपुस्तकांची गणती नाही. चहाची टपरी, पानठेला, मोबाईल रिचार्ज, सगळे आहे. नव्हते ते एवढेच की तूरडाळ, तेल, साखर, गव्हाचे पीठ आपल्याच गल्लीत आपल्याच माणसाकडून घ्यावे. त्यासाठी मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागे. आमच्या लहानपणी आई आमच्या हातात पिशवी आणि चिठ्ठी देऊन पाठवीत असे. तेथला दुकानदार माल बरोबर देई, मापातही मारीत नसे. पण उरलेले सुटे पैसे हातावर कधी ठेवीत नसे. फळीवर टाकी. आम्ही ते गोळा करीत असू. इतर पोरांच्या हातावर तो पैसे ठेवतो हे आमच्या लक्षात यायला दोन-तीन वर्षे लागली. आईच्या लक्षात ते आधीच आले होते, म्हणून ती स्वतः जात नसे हे तर फार उशिरा कळले.

आता नव्या दुकानात आम्ही संध्याकाळी कोर्टातून परतताना मुद्दाम थांबतो. अर्धा किलो पोहे पुरे असतात तेथे आम्ही एक किलो घेतो, आणि घरी बोलणी खातो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका बाजूला डाळी, जवस, लाखोळी, तिखट-हळदीचे डबे. दुसऱ्या बाजूला साबण, वह्या, पेन. वरच्या फळीवर मेणबत्त्या, अगरबत्ती, पंचशील ध्वज आणि वंदनेला लागणारे पांढरे कापड. बाहेर एक बाक. बाकावर दुपारी म्हाताऱ्या मावश्या, संध्याकाळी भरतीची पोरे. वजनकाटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला. पैसे हातात दिले जातात.

ज्यांना हे भावुक वाटते त्यांनी संविधानाचे कलम १५ उघडावे. त्याच्या दुसऱ्या उपकलमात नागरिकाला कोठे मज्जाव करता येणार नाही याची यादी आहे आणि त्या यादीत पहिला शब्द दुकान हा आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट नंतर येतात. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा ठरविला. हे उगीच झाले नाही. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीने १९३० च्या अहवालात बहिष्काराचे शस्त्र कसे चालते ते नोंदविले आहे : अस्पृश्याने हक्क सांगितला की त्याचे शेतावरचे काम बंद, वाट बंद, आणि गावच्या वाण्याला तंबी की यांना मीठमिरची विकायची नाही. गावाला गुडघ्यावर आणायला लाठी लागत नसे, वाण्याची फळी बंद झाली की पुरे.

आता या दुकानाचा मालक कोण, ते सांगतो. नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. हा पोरगा पोलीस भरतीत पाच वेळा उतरला. एकदा अवघ्या दोन गुणांनी गेला. मागासवर्गीयांसाठी शिपाई पदाची वयोमर्यादा ३३. ती ओलांडली त्या दिवशी तो आमच्याकडे आला होता आणि आम्ही त्याला काय सांगितले असेल? दुसरे फॉर्म भर म्हणून सांगितले. वनरक्षक बघ, लिपिक बघ. आमच्या तोंडून ‘धंदा कर’ हा शब्द निघाला नाही, कारण आमच्या डोक्यातच तो नव्हता. तो मात्र इतवारीतल्या एका घाऊक दुकानात चार वर्षे हिशेब लिहीत राहिला, कोणता माल कोठून येतो, कोणत्या महिन्यात काय उचलायचे ते शिकला, आणि बायकोच्या बचत गटाचे पैसे व बहिणीने मोडलेली पोत यांवर दुकान टाकून बसला. ‘स्टँड-अप इंडिया’ची योजना २०१६ साली अनुसूचित जातींसाठी म्हणून वाजतगाजत आली. तिचे कर्ज सुरूच होत होते १० लाखांपासून. दहा बाय बाराच्या खोलीला ते काय करायचे?

दुकानात गल्ल्याच्या वर बाबासाहेबांचा फोटो आहे. सुरुवातीला शेजारच्या लेआऊटमधली काही मंडळी येत, फोटोकडे बघत, काडेपेटी घेऊन जात आणि पुन्हा दिसत नसत. एका हितचिंतकाने, आपल्याच, सल्ला दिला की फोटो आतल्या खोलीत लाव, धंद्यात भावना आणू नये. त्याने फोटो हलविला नाही. आम्हाला त्या वेळी बाबासाहेबांचीच गोष्ट आठवली. परदेशातून शिकून आल्यावर, सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली होती. सल्ला चांगला होता तोवर गिऱ्हाईक येत होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि पेढी बसली. सल्ला तोच होता!

वकील म्हणून येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून स्पष्टपणे आला, ती मोठी गोष्ट झाली. परंतु जो माणूस फोटो बघून गुपचूप पायरी उतरतो त्याच्यावर कोणतेही कलम लागत नाही. त्याला उत्तर कोर्टात नाही. ते आपल्या पिशवीत आहे. आणि आपल्या पिशवीचे काय चालले आहे? पगार झाला की आपला शिकलेला वर्ग गाडी काढून मॉलमध्ये जातो, नाहीतर मोबाईलवर बोट फिरवून दारात सामान मागवितो. वस्तीतल्या दुकानाकडे तो फिरकतो महिनाअखेरीस, खिसा रिकामा झाल्यावर, आणि तोही वहीवर मांडून घ्यायला. ‘आपलाच माणूस महाग लावतो’ हे वाक्य आम्ही दुकान उघडल्याच्या आठव्या दिवशी ऐकले. साखरेत एक रुपयाचा फरक होता. जयंतीच्या डीजेला वर्गणी देताना एवढा हिशेब कोणी केल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

आता विहारातल्या रविवारकडे वळतो, कारण तो या दुकानाशी जोडलेला आहे. गेली काही वर्षे रविवारी वंदनेनंतर आम्ही तीन-चार जण भरतीच्या मुलामुलींची तयारी घेतो. गणिताला एक निवृत्त शिक्षक, मराठी व्याकरणाला एक ताई, संविधान आणि कागदपत्रे आमच्याकडे. मैदान मात्र कोणाकडे नव्हते. पोलीस भरतीत लेखी परीक्षा १०० गुणांची आणि शारीरिक चाचणी ५० गुणांची; मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. आमच्या पोटाकडे बघून कोण धावणार? ते काम आता दुकानदाराने उचलले आहे. पहाटे पाचला तो पोरांना घेऊन मैदानावर असतो, सातला शटर उघडतो. पहिल्या फेरीतच जीव तोडून धावणाऱ्याचे गुण कसे जातात हे त्याने पाच वेळा स्वतःच्या पायांनी शिकले आहे. मुलींची ८०० मीटरची वेळ तो उधारीच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहितो.

कागदपत्रांच्या बाबतीत आम्हाला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण आपली मुले अभ्यासात हरत नाहीत तेवढी येथे हरतात. निवड झाल्यावर जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. जात प्रमाणपत्राचा कायदा आपल्याकडे २००१ पासून लागू आहे आणि त्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुना महसुली कागद. आजोबांच्या नोंदीत ‘महार’, वडिलांच्या दाखल्यात ‘बौद्ध’, आजोबांचे आडनाव गावाच्या नावावरून, वडिलांचे मास्तरांनी लिहिले तसे, आणि मुलाचे तिसरेच. प्रत्येक फरकासाठी वंशावळ आणि शपथपत्र. गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तेथे खेपा. राज्याच्या जाहिरातीला एक नमुना, केंद्राच्या नोकरीला वेगळा. बौद्धांचा केंद्राच्या यादीत समावेश १९९० साली झाला. तो अनुसूचित जाती आदेशातील दुरुस्तीने झाला, घटनादुरुस्तीने नव्हे. मुलाखतीला जाणाऱ्याने हे नीट सांगता आले पाहिजे. लग्न झालेल्या मुलींनी माहेरचे कागद सासरी जाताना बरोबर न्यावेत. भांडी राहिली तरी चालतील.

अर्ज भरण्याचा खर्चही बघा. केंद्रीय लोकसेवा आयोग अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडून शुल्क घेत नाही. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीला मागासवर्गीयांसाठी ९०० रुपये होते. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांहून जास्त. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज. वर्षात चार अर्ज भरणाऱ्या पोराच्या घरी तेवढ्या पैशांत महिन्याचा किराणा येतो. आमच्या दुकानदाराच्या वहीत अशी काही घरे आहेत जेथे फॉर्मची तारीख आली की उधारी वाढते. तो विचारीत नाही, त्याला माहीत असते.

आणि ज्या नोकरीसाठी हे चालले आहे तिचे काय होत आहे? ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला. पोरे रस्त्यावर उतरली, ओरड झाली, आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, कंत्राटे गेली नाहीत. कंत्राटदाराच्या यादीला बिंदुनामावली नसते. कलम १६(४) तेथे दाराबाहेर उभे राहते. म्हणून रविवारी आम्ही मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवितो. एका आईने आम्हाला दटावले, ‘वकीलसाहेब, पोरांचं मन कायले खचवता?’ तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण शंभरात एकाची निवड होते हे न सांगता पोराला ३३ व्या वर्षापर्यंत पळवीत ठेवणे, हे आम्ही एकदा करून बसलो आहोत.

आमच्या पिढीला नोकरीनेच माणसात आणले. १९४३ साली बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत राखीव जागा मिळवल्या नसत्या तर हे लिहिणारा वकील कोठे असता? तेव्हा नोकरीचा आग्रह सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जागा भरून घेण्याची लढाई चालूच राहील. परंतु नोकरी लागलेल्याचा सत्कार विहारात शाल देऊन करायचा आणि दुकान टाकलेल्याकडे ‘बिचाऱ्याला नोकरी नाही लागली’ म्हणून बघायचे, हे आता पुरे झाले. गेल्या महिन्यात मंडळाने तीन मुलांचा सत्कार केला. नारळ आणि मिठाई या दुकानातूनच गेली. बिल अजून बाकी आहे. आमच्या स्वतःच्या नावावरही वहीत ७४० रुपये निघाले, ते हा लेख लिहायला बसण्यापूर्वी देऊन आलो.

येत्या रविवारी कागदपत्रांचा वर्ग आहे. वंदना आटोपल्यावर लगेच सुरू होईल. मुलामुलींनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला, वडिलांचा दाखला आणि आजोबांचे जे काही सापडेल ते घेऊन यावे. झेरॉक्सचे मशीन आता दुकानात आले आहे. पैसे रोख द्यावेत.