२१ तोफा आणि थकलेले धान्य

३ एप्रिल २०२१ रोजी कैरोच्या राजरस्त्यांवरून २२ ममींची मिरवणूक निघाली. १८ राजे आणि ४ राण्या यांना सोनेरी सजावटीच्या गाड्यांतून नव्या वस्तुसंग्रहालयात नेण्यात आले. दाराशी राष्ट्राध्यक्ष अब्देल फतह अल-सिसी स्वागताला उभे होते आणि २१ तोफांची सलामी झडली. या राजांमध्ये रामसेस तिसरा हाही होता. तोफा राजाच्या वाट्याला आल्या. त्याच्यासाठी डोंगर फोडून थडगे कोरणाऱ्या, त्याच्या भिंतींवर देवदेवता रंगविणाऱ्या कारागिरांच्या वाट्याला त्याच्या राज्यात काय आले होते?

त्याचे उत्तर त्या काळच्याच एका कागदपत्रात आहे. नाईलच्या पश्चिम तीरावर, आज देर अल-मदिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत हे कारागीर राहत. नाण्यांचा तो काळ नव्हे. त्यांचे वेतन म्हणजे दरमहा मिळणारा गहू आणि जव. रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, हे धान्य थकले. अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असे सांगून कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि चौक्या ओलांडून ते मंदिरांच्या आवारात जाऊन बसले. अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. राजाला आणि वजिराला कळवा, अशी त्यांची मागणी होती. बंदोबस्ताचा अधिकारी मोंतुमोस याने तर घरे बंद करा, बायकामुलांना बरोबर घ्या, असे सांगून स्वतः पुढे होण्याची तयारी दाखविली. मागच्या महिन्याचे धान्य तेव्हा कोठे बाहेर निघाले. पण वेतन पुन्हा थकले, संप पुन्हा झाला. पुढच्या एका वेळी कारागिरांनी स्पष्टच बजावले की, आम्ही केवळ भुकेपोटी बाहेर पडलेलो नाही. राजाच्या या स्थानी अन्याय घडत आहे. इतिहासाला ज्ञात असलेला हा पहिला संप होय.

मग राज्य दरिद्री होते काय? याच राजाच्या देणग्यांची यादी असलेला, सुमारे ४० मीटर लांबीचा पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थीब्जच्या आमोन देवस्थानाकडे ८६,४८६ माणसे आणि ४,२१,३६२ गुरे असल्याची नोंद त्यात आहे. देवाच्या खात्यात गुरांची गणती शेवटच्या आकड्यापर्यंत चोख. देवाची चित्रे काढणाऱ्याच्या खात्यात मात्र थकबाकी! संपकरी ज्या रामसेस दुसऱ्याच्या मंदिरात जाऊन बसले, त्याच्या मागची विटांची प्रचंड कोठारे आजही उभी आहेत.

या स्मारकांविषयी दोन भ्रम रूढ आहेत. पहिला असा की, ती सारी चाबकाखालच्या गुलामांनी बांधली. एक लाख माणसे पाळीपाळीने राबत होती, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आणि कल्पनेने त्यांच्या पायांत बेड्या अडकविल्या. १९९० पासून गिझाच्या पिरॅमिडांजवळ मजुरांची थडगी उजेडात आली. राजाच्या सान्निध्यात सन्मानाने पुरलेली ही माणसे गुलाम असणे शक्य नाही. पण येथूनच दुसरा भ्रम सुरू होतो आणि तो अधिक घातक आहे. गुलाम नव्हते, म्हणजे सारे भक्तिभावाने, राष्ट्रकार्य समजून राबले, असे सांगितले जाते. त्याच थडग्यांतील हाडांवर सांध्यांची झीज आणि जुळून आलेले अस्थिभंग आहेत. भक्तीच्या भाषेत त्यांचा हिशेब लागत नाही. आणि देर अल-मदिनाचे कारागीर तर देवादिकांच्या सर्वांत निकट होते. पवित्र चित्राची रेघन् रेघ त्यांना अवगत होती. तरीही धान्य थकताच ते उठले. श्रद्धा हा वेतनाचा पर्याय नव्हे, हे त्यांना तीन हजार वर्षांपूर्वी कळले होते.

याचा अर्थ ती कला हीन ठरते, असा मुळीच नव्हे. याच वस्तीतील सेन्नेजेम या कारागिराचे थडगे १८८६ साली सापडले. त्याच्या भिंतीवर तो आणि त्याची पत्नी परलोकात नांगरणी आणि कापणी करीत आहेत. कारागिराच्या स्वर्गातही भरघोस पिकाचे शेत आहे! ही कला थोर आहे आणि ती करणाऱ्यांची आहे. आक्षेप आहे तो तिचे सारे श्रेय मुकुटाच्या पदरात टाकण्याला.

आजच्या इजिप्तमध्येही हा प्रश्न शिळा झालेला नाही. डिसेंबर २००६ मध्ये महल्लाच्या कापड गिरणीतील हजारो कामगारांनी कबूल केलेल्या बोनससाठी संप केला. ६ एप्रिल २००८ रोजी ठरलेला त्यांचा संप पोलिसांच्या बळावर मोडण्यात आला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पिरॅमिडांशेजारी भव्य नव्या संग्रहालयाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. मेलेल्या राजांना सलामी देणाऱ्या राज्याला जिवंत कामगारांचा संप मात्र सहन होत नाही.

संपाची हकिगत सांगणारा तो पपायरस कैरोत नाही, इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्याच्यासाठी तोफा उडाल्या नाहीत. परंतु राजांच्या शिलालेखांत न सापडणारे सत्य त्यातच नोंदलेले आहे. स्मारकापुढे उभे राहणाऱ्याने ते कोणत्या राजाचे, एवढेच विचारून थांबू नये. ते घडविणाऱ्यांना त्यांचे धान्य वेळेवर मिळाले काय, हेही विचारावे.