‘खूप छान’ म्हणण्याआधी वाचा तरी!



आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल रागवा. पण न वाचता हात जोडलेलं चित्र टाकू नका. सगळं लिखाण त्याबद्दलच आहे.

आमच्या बारामतीच्या मंडळात परवा विषय निघाला, एप्रिल महिन्यातल्या त्या अक्षरांच्या उपक्रमाचा. रोज एक अक्षर घ्यायचं, त्यावर एक लेख लिहायचा, रविवारी सुट्टी. ३० दिवसांतून ४ रविवार वजा केले की २६ उरतात, इंग्रजी अक्षरंही तेवढीच. २०१० साली आर्ली बर्ड या नावाने लिहिणाऱ्या एका अमेरिकन लेखकाने हे सुरू केलं आणि आता जगभर लोक करतात. लिहायचं तर आहेच, पण दुसऱ्यांचं जाऊन वाचायचं हीसुद्धा त्यात अपेक्षा असते. मी एवढं सांगतेय तोवर एक बाई म्हणाल्या, “रिकामटेकड्या बायकांचे खेळ हो हे! आपल्याला घर, देवदर्शन, पाहुणे, कुठून आणायचा वेळ?” सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली, कारण माझ्याच घरातल्या एका बाईने हा महिना पूर्ण केला होता आणि मी तिला काय दिलं होतं, ते माझं मला ठाऊक होतं.

ती माझी धाकटी जाऊ. इंदापूरला असते. दुकान, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी, सगळं सांभाळून तिने २६ दिवस लिहिलं. रोज रात्री घरच्या ग्रुपवर टाकायची. मी रोज अंगठा द्यायचे. कधी ‘खूप छान’, कधी फुलांचा गुच्छ. सव्वीसच्या सव्वीस वेळा. त्यातले किती वाचले होते? खरं सांगते, दोन. तेही अर्धे.

मग मे महिन्यात सूनबाईंनी विचारलं, “मम्मी, आपल्याकडे दहीवडे का करत नाहीत?” मी म्हटलं, “आपल्यात चालत नाहीत.” ती म्हणाली, “हो, पण का?” मला नीट सांगता येईना. जावेला फोन लावला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “ताई, मी लिहिलं होतं की. ‘डी’ला. द्विदल.”

त्या रात्री बसून मी तिचे सगळे लेख वाचले. द्विदलाचा लेख इतका सरळ होता की सुनेला तोच वाचायला दिला. ज्या धान्याची दोन दळं होतात ते कच्च्या दही-ताकात का मिसळायचं नाही, कढीला काही घरांत ताक आधी तापवून मग बेसन लावतात तर काही घरांत तेही नको म्हणून तांदळाचं पीठ लावतात, आणि तिच्या माहेरी व सासरी यावरून पहिल्या वर्षी कसं रुसणं झालं, सगळं होतं. ‘के’ला कणीक होती. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. मग गिरणी बंद असेल त्या आठवड्यात बाईने दळणाचा हिशेब कसा बसवायचा? ‘जी’ला गाळणं. पूर्वी वाड्यात विहीर होती, पाणी गाळून झालं की कापडावरचे जीव त्याच विहिरीत सोडायचे. आता नळाला पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर येतो. मग ते जीव सोडायचे कुठे? हा प्रश्न तिने मांडला होता आणि उत्तर माहीत नाही असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ‘एक्स’ला काही सुचेना म्हणून सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे! सामायिकाला खाली बसता येत नाही म्हणून रडणाऱ्या सासूबाई मी त्या लेखात पहिल्यांदा पाहिल्या. मोठी सून मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन करून म्हटलं, “अगं, फार चांगलं लिहिलंयस. पुढच्या एप्रिललाही लिही.” ती म्हणाली, “कोणासाठी, ताई?”

मैत्रिणींनो, त्या ‘कोणासाठी’चं उत्तर आपल्याला द्यायचं आहे. ते ती एकटी देऊ शकत नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण म्हणतो, बायका लिहीत नाहीत. खोटं आहे. बायका लिहितात, बायका वाचत नाहीत. निदान एकमेकींचं वाचत नाहीत. सकाळी उठल्यापासून आपण किती उपदेश पुढे ढकलतो ते पाहा. सूर्योदयाचं चित्र, खाली चार ओळी, ‘क्षमा करा, सुखी राहा’. कोणी लिहिलं माहीत नाही, वाचलं नाही, पटलं की नाही तेही माहीत नाही. पुढे पाठवून दिलं की पुण्य पदरात!

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आधी वाचायचं. मग शंका विचारायची. मग मनात घोळवायचं. मग पुन्हा पुन्हा म्हणून पक्कं करायचं. हे चारही झाले की मग दुसऱ्याला सांगायचं. उपदेश पाचवा आहे, बायांनो, पाचवा! आणि आपण सकाळी सहा वाजता डोळे चोळत थेट पाचव्यापासून सुरुवात करतो. पहिले चार कोणी करायचे?

त्या एप्रिलच्या उपक्रमाचं मला महत्त्व वाटतं ते यासाठीच. २६ लेख लिहून झाले म्हणजे मोठा पराक्रम झाला, असं मी म्हणत नाही. तेवढे लेख कोणीही दामटून लिहील. पण रोज चार अनोळखी बायकांच्या लिखाणात डोकावल्यावर महिन्याच्या शेवटी त्यातल्या दोन-चार जणी आपल्या होऊन जातात. त्यांचं पुढचं लिखाण कधी येतं याची आपण वाट पाहायला लागतो. जावेचं वाचून झाल्यावर मीही ही सवय लावून घेतली. त्यातून मला कोल्हापूरकडची एक जैन बाई सापडली. शेतकरी घर, ऊस, म्हशी, घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच. आपण इकडचे बहुतेक दुकानदार, घरात गुजराती नाहीतर मारवाडी, बाहेर मराठी. जैन म्हणजे दुकान असंच माझ्या डोक्यात होतं. शेतात नांगर चालतो तेव्हा अहिंसेचं काय, या प्रश्नावर तिने लिहिलेलं वाचलं आणि माझे कितीतरी समज गळून पडले. इतकी वर्षं यात्रांना तिकडे गेले, कुंभोज-बाहुबलीला जाऊन आले, पण त्या बायकांशी ‘जय जिनेंद्र’च्या पुढे बोलले नव्हते. वाचल्यावर बोलले.

आता आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप वेळेचा. एक लेख वाचायला पाच मिनिटं लागतात. आपण फोनवर साड्यांचे व्हिडिओ किती वेळ बघतो ते आपापल्या मनाला विचारा. मी माझ्या मनाला विचारलं आणि गप्प बसले.

दुसरा आक्षेप जरा धार्मिक थाटाचा आहे. “स्वयंपाकघराच्या गप्पा म्हणजे विकथा. वाचायचं तर ग्रंथ वाचावेत.” ग्रंथ वाचाच, त्याला कोण नाही म्हणतं? पण जिभेचे चोचले पुरवणाऱ्या जेवणाच्या गप्पा आणि व्रत पाळण्यासाठी केलेला विचार यात फरक आहे की नाही? पीठ किती दिवसांचं चालतं हा नियम ग्रंथ सांगेल. पाहुणे अचानक आले, बाहेर पाऊस लागलाय, पिठाचा तिसरा दिवस उलटलाय, तर काय करायचं हे बाईच सांगेल. नवऱ्याचं दुकान रात्री आठला बंद होतं, मग सूर्यास्तापूर्वीचा डबा दुकानावर कसा पोहोचवायचा, हेही तीच सांगेल. घरोघरी धर्म चालतो तो या ज्ञानावर. ते कुठे लिहिलेलं नाही. आमच्या आजेसासूबाईंची वही होती, त्यात व्रतांची उद्यापनं, चातुर्मासातले पदार्थ, गुजराती गीतं, सगळं होतं. घर रंगवायला काढलं तेव्हा ती रद्दीत गेली. घालणारी मीच. वरची पानं पिवळी पडली होती एवढंच पाहिलं. आत काय होतं ते उघडून वाचलं नाही.

तिसरा आक्षेप. “स्वतःबद्दल लिहिणं म्हणजे मान कषाय.” असू शकतो. मग लग्नात चार ठिकाणी फोटो काढून घेणं काय आहे? बोलीच्या वेळी नाव मोठ्याने पुकारलेलं आवडतं ते काय आहे? मान कुठेही शिरतो, लिखाणातच शिरतो असं नाही. आणि वाचणाऱ्या बाईला तर मानाचा धोकाच नाही. ती दुसरीला मोठी करते. मान उतरवायचा असेल तर दुसरीचं मन लावून वाचावं.

चौथा आक्षेप, “हे इंग्रजांचं खूळ.” नाही हो! अक्षराला धरून रचना करणं आपल्या मातीतलंच आहे. आपल्या बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) आठवा. त्यांनी एवढी रामायणं रचली, त्यातलं निरोष्ठ रामायण प फ ब भ म ही ओठांची अक्षरं न वापरता रचलं. जुन्या गुजरातीत आपल्या जैन साधूंनी ‘कक्का’ आणि ‘मातृका’ नावाच्या रचना केल्या, एकेका अक्षराने एकेक कडवं सुरू होणाऱ्या. आणि सर्वांत आधीचं तर आपण मुलींना झोपताना सांगतो. भगवान आदिनाथांनी लिपी शिकवली ती मुलीला, ब्राह्मीला. आणि अंक शिकवले ते सुंदरीला. अक्षर पहिल्यांदा मुलीच्या हातात आलं, असं मानणारा आपला समाज. त्या समाजातली बाई लिहिते तेव्हा तिला अंगठा दाखवायचा?

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने उभं राहिलं, त्या वालचंद हिराचंदांचे वडील हिराचंद नेमचंद यांनी १८८० च्या दशकात सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मासिक काढलं. त्यांची कन्या कंकुबाई आणि मुंबईच्या मगनबाई या दोघींनी आयुष्य घातलं ते जैन बायकांना, त्यातही विधवांना, अक्षरओळख व्हावी म्हणून. आज आपण सगळ्या शिकलेल्या आहोत. आपल्या मुली इंजिनिअर, सीए आहेत. वाचता येत नाही ही सबब त्या दोघींनी कधीच संपवून टाकली. आता न वाचणं ही आपली निवड आहे.

आणि अत्तिमब्बेचं नाव ऐकलंय ना? दहाव्या शतकातली कर्नाटकातली श्राविका. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १,००० प्रती तिने ताडपत्रांवर हाताने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. पुराण तिने रचलं नव्हतं, पण ते लोकांच्या हाती जावं म्हणून तिने धन खर्च केलं. आपण चार दानं मानतो, त्यातलं शास्त्रदान ते हेच. आपल्याला तर पैसाही लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

म्हणून नुसतं बोलून थांबत नाही, नियम सुचवते. आपण महिनाभराचे नियम घेतोच ना? सोळाकारण व्रत महिनाभर चालतं, आणि त्या सोळा भावनांत अभीक्ष्ण ज्ञानोपयोग, म्हणजे सतत ज्ञानात मन ठेवणं, ही एक भावना आहेच. तसाच हा एक नियम.

येत्या एप्रिलमध्ये बारामती-इंदापूरच्या आपण बायकांनी आपल्या अक्षरांवर लिहायचं. क ते ज्ञ ३६ अक्षरं होतात. ङ आणि ञ सोडून द्या, ३४ राहिली; काही जोडीने घ्या, महिन्यात बसतात. शाळेच्या पुस्तकात ‘ण बाणाचा’ असतो, कारण मराठीत ण ने शब्द सुरू होत नाही. आपला तर दिवसच ण ने सुरू होतो, णमोकाराने! तेव्हा ते अक्षर आपल्याला अडणार नाही. ‘ळ’चं काय करायचं ते मात्र तुम्ही सुचवा.

जिला लिहायचं नाही तिने लिहू नये. पण वाचायचं प्रत्येकीने. एक लिहिलं तर तीन वाचायची. ‘खूप छान’ला बंदी, अंगठ्याला बंदी. त्याऐवजी एक प्रश्न विचारायचा किंवा आपल्या घरची पद्धत एका वाक्यात सांगायची. पृच्छना म्हणतात ती हीच. मग ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, निवडक लेखांच्या प्रती काढून मंदिरात शास्त्रांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवू. त्या दिवशी आपण लिहून ठेवलेल्या ज्ञानाची पूजा करतो. पुष्पदंत आणि भूतबली मुनींनी षट्खंडागम लिहून ठेवला नसता तर तो विस्मरणात गेला असता, असं दरवर्षी प्रवचनात ऐकतो. ऐकतो आणि घरी येऊन आजीची वही रद्दीत घालतो.

मंडळात हसलेल्या बाईंवर माझा राग नाही. त्या तोंडावर बोलल्या. मी न वाचता फुलं पाठवली, ते जास्त वाईट.

या रविवारी इंदापूरला जातेय. जावेच्या सव्वीसही लेखांच्या प्रती काढून घेतल्या आहेत, समासात माझे प्रश्न पेन्सिलने लिहिलेत. गाळण्याच्या लेखाखाली सर्वांत जास्त. तिला आधी हात जोडून उत्तम क्षमा म्हणणार, खरे हात जोडून. मग सासूबाईंना खुर्ची देऊन तिघी बसणार आणि एकेक लेख मोठ्याने वाचणार.

तुमच्याही घरात, भावकीत, शेजारी कोणीतरी लिहीत असेल. आज तिचं एक पान उघडा. आणि पूर्ण वाचा.

जय जिनेंद्र.