फास्टफॅटचे दफ्तर
विंडोज एनटीसाठी स्वतःची फाइल सिस्टीम रचू पाहणाऱ्यास मायक्रोसॉफ्टने आयएफएस किट नावाचा जो सरंजाम, तोही स्वतंत्र मोल घेऊन, दिला, त्यातील दस्तऐवजांपेक्षा नमुन्यादाखल जोडलेला ‘फास्टफॅट’चा कोडच अधिक विश्वसनीय गुरू ठरला, याचे मला नवल वाटत नाही, कारण तो शिकाऊंसाठी रचलेला सोपा धडा नसून प्रत्यक्ष विंडोजमध्ये फॅट या जुन्या फाइल सिस्टीमच्या डिस्कचा कारभार पाहणाऱ्या ड्रायव्हरचाच आहे. फाइल वाचणे हे कृत्य वरकरणी कारकुनी. परंतु वाचनाची आज्ञा ड्रायव्हरने कॅशे मॅनेजरकडे सोपवावी, हवे ते पान तेथे नसल्यास मेमरी मॅनेजरने पुन्हा त्याच ड्रायव्हरच्या दारी याचक होऊन यावे, आणि लॉक ठरलेल्या क्रमाने घेतले नसतील तर सर्वांनीच परस्परांची वाट पाहत चिरकाल ताटकळावे, हा चक्रव्यूह परिच्छेदांत वर्णिता येतो, उकलतो मात्र कोडमध्येच. १९९७ साली राजीव नागर यांच्या ‘विंडोज एनटी फाइल सिस्टीम इंटर्नल्स’ या जाडजूड ग्रंथाने दस्तऐवजांची उणीव बरीच भरून काढली. फास्टफॅट पुढे गिटहबवर विनामूल्य खुला झाला (जुने देताना धन्याचा हात नेहमीच सैल असतो); एनटीएफएस या नव्या फाइल सिस्टीमचे दफ्तर मायक्रोसॉफ्टने अद्याप उघडलेले नाही.