निविदेची फाईल अडते कुठे?

राहुरीत कृषी विद्यापीठ आहे, सरकारी कार्यालये आहेत. आपले फॅब्रिकेशनवाले, सुतार, पुरवठादार कामात कमी नाहीत. अडते ते ई-निविदेच्या फाईलपाशी.

दर भरण्याची एक्सेल फाईल बहुधा मॅक्रोवर चालते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवले आहेत. हा बिघाड नव्हे, व्हायरसविरुद्धचा बंदोबस्त आहे. फाईल सरकारी संकेतस्थळाचीच असेल तर माउसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी. अनोळखी ई-मेलच्या फाईलला ही सवलत देऊ नये.

फाईलचे नावही बदलू नये. दोनदा उतरवल्यास ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो. तेवढ्यानेही निविदा अडू शकते.

ही सूचना सरकारने निविदेतच ठळक मराठीत छापावी. तोवर आपण फाईल पहिल्याच दिवशी उघडून पाहावी. मुदतीच्या संध्याकाळी संगणकाला दोष देऊन काम मिळत नाही.