धार लागली, पण वस्तरा स्वच्छ झाला का?

मागच्या महिन्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. अंगात त्राण नाही, अन्नावर वासना नाही, लघवी पिवळी. रक्त तपासले, तर कावीळ 'ब', म्हणजे हिपॅटायटिस बी. रिपोर्ट ऐकून ते खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला कसला नाद नाही. मग हे आलं कुठून?" रक्त चढवले होते का, ऑपरेशन झाले होते का, दात काढला होता का, असे नेहमीचे प्रश्न मी विचारले. सगळ्यांची उत्तरे नाही. शेवटी विचारले, "दाढी कुठे करता?" ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी, झाडाखाली. वस्तरा जुना आहे, पण धार अशी की लागलेलं कळतसुद्धा नाही."

आजार तिथूनच आला, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात. इतका जुना माग काढणे अवघड असते. पण त्यांचे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. धार चांगली म्हणजे वस्तरा चांगला, असे आपण सगळेच धरून चालतो.

धार लावणे म्हणजे काय, ते आधी पाहू. दगडावर वस्तरा आडवा टेकवून धारेच्या दिशेने पुढे नेतात. दगड पोलादाचा बारीकसा थर खरवडतो आणि नवी धार निघते. मग चामड्याचा पट्टा ताणून त्यावर वस्तरा उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, पलटून पलटून घासतात. धारेची वाकलेली सूक्ष्म कड त्यामुळे सरळ होते आणि गुळगुळीत होते. हे मोठ्या कसबाचे काम आहे. बोथट वस्तरा केस ओढतो, कातडी खरवडतो. म्हणून धारेला महत्त्व आहेच. पण या सगळ्यात जंतू मारणारे काहीही नाही. उलट एकाच्या गालावरून निघालेले न दिसणारे रक्त त्याच पट्ट्यावर पुसले जाते आणि पुढच्याचा वस्तराही त्याच पट्ट्यावर फिरतो. वस्तरा एक वेळ उकळता येईल, चामड्याचा पट्टा कसा उकळणार?

कावीळ 'ब'चा विषाणू मोठा चिवट. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस जिवंत राहतो. दूषित सुई टोचल्यावर होणाऱ्या लागणीची तुलना डॉक्टर मंडळी नेहमी करतात. समोरच्याला एचआयव्ही असेल तर धोका हजारात सुमारे तीन. कावीळ 'ब' असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल, तर शंभरात तीसपर्यंत. वस्तरा म्हणजे पोकळ सुई नव्हे, त्याचा धोका याहून कमी. पण दोहोंतला फरक किती मोठा आहे, ते यावरून कळते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. 1990 च्या दशकात मी नवा नवा डॉक्टर होतो. एड्सवर गावोगाव भाषणे दिली आणि प्रत्येक भाषणात न्हाव्याच्या वस्तऱ्याचे नाव घेतले. कावीळ 'ब'बद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. आमच्या गल्लीतले वयस्कर तात्या एकदा दवाखान्यात येऊन म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही लोकांना भीती घातलीत, पण मी काय करू ते नाही सांगितलंत. गिऱ्हाईक तुटलं माझं." त्यांचे खरे होते. मी दोष दाखवला, उपाय दाखवला नाही. शिवाय दिवसभर दुसऱ्याच्या रक्ताशी हात लागणाऱ्या त्या माणसाला स्वतःला लस घ्या, असेही मी कधी सांगितले नाही.

आता बहुतेक सलूनमध्ये पाते बदलण्याचा वस्तरा आला आहे. ही चांगली गोष्ट. पण वाचकहो, पाते तुमच्यासमोर कागदातून काढले का, ते बघा. अर्धे पाते दोघांना वापरले जात असेल तर सुधारणा नावापुरतीच. अर्ध्या पात्याला चहाच्या घोटाएवढासुद्धा खर्च येत नाही. दुसरे, तुरटीचा खडा. नवीन पाते लावून दाढी करायची आणि मग सगळ्यांच्या कापलेल्या गालांवर तोच ओला खडा फिरवायचा, यात काय साधले? तुरटी रक्त थांबवते, ती निर्जंतुक करत नाही. खडा नको, असे स्पष्ट सांगा.

घरी स्वतःचा वस्तरा धार लावून वापरणारे काही हौशी आहेत. त्यांना माझा विरोध नाही. मात्र वस्तरा, दगड आणि पट्टा एकाच माणसाचा असावा. बापलेकांतही वाटून घेऊ नये. दाढीनंतर वस्तरा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवावा. पट्टा दाढीपूर्वी वापरावा. रक्त लागलेला वस्तरा त्यावर कधीही घासू नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी आणि हात कापणाऱ्यांनी हा नाद करू नये. मधुमेहींनी साधी जखमही अंगावर काढू नये.

आणि लस. ही लस देशभरातल्या बालकांच्या लसीकरणात 2011-12 मध्ये आली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही. मोठ्या माणसाला तीन डोस लागतात: पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात कावीळ 'ब' आणि 'क'ची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत.

त्या गृहस्थांची तब्येत आता सुधारते आहे. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो. त्यांचा गेला की नाही, ते सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासल्यावर कळेल. त्यांच्या पत्नीची आणि मुलांची तपासणी मी करून घेतली. लागण कुणालाच नाही, लस सुरू केली. बाजारातल्या त्या कारागिरालाही मी बोलावले आहे. या वेळी भीती घालण्यासाठी नव्हे, तर त्याच्या दंडावर लसीचा पहिला डोस देण्यासाठी.