दांड्याचे माप

आमच्या साडूंचा दांडा मोडल्याची बातमी घरात निधनवार्तेसारखी आली. फोनवर सौ. ज्या सुरात "अगं बाई! कधी गं?" म्हणाली, तो सूर ती वयस्कर नातेवाइकांसाठी राखून ठेवते. मग खुलासा झाला. साडू पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि हुद्दा वाढल्यापासून रविवारी गोल्फ खेळतात. त्यांच्या काठ्यांतली सर्वांत लांब, पहिला टोला हाणायची, तिला म्हणे ड्रायव्हर म्हणतात. (आमच्या अंबाजोगाईत ड्रायव्हर एसटीचा असतो.) तिचं खालचं डोकं शाबूत होतं, वरचा दांडा गेला होता. नवा कोणता घ्यावा हे त्यांनी अस्मादिकांना विचारलं. बँकेतल्या माणसाला खर्चातलं कळतं, असा त्यांचा प्रामाणिक गैरसमज आहे. मी नुसता बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजतो आहे.

बरं, विचारणं नावापुरतंच. निर्णय झालेला होता. "सगळ्यांत कडक घेणार. एक्स्ट्रा स्टिफ. सगळे मोठे खेळाडू तोच वापरतात."

इथे माझं डोकं फिरलं. मंडळी, मी वाद घालतो तो याच्याशी. गोल्फशी माझं वैर नाही. पण वस्तू आपल्या हाताला बघून न घेता दुसऱ्याच्या नावाला बघून घ्यायची, या आपल्या मध्यमवर्गीय रोगाला कुणी तरी नाव ठेवायलाच हवं.

मी चार दिवस त्या दांड्यांचा अभ्यास केला. (बँकेच्या परीक्षेला एवढा केला असता तर आज मॅनेजर असतो, असं सौ.चं मत पडलं.) पूर्वी हे दांडे हिकरी नावाच्या लाकडाचे असत. पोलादी दांड्याला अमेरिकेतल्या संघटनेने 1924 साली परवानगी दिली, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजवाल्यांनी 1929 साली. आणि गंमत बघा, 1930 मध्ये बॉबी जोन्सने चारही मोठ्या स्पर्धा मारल्या त्या लाकडी दांड्यांवरच! 1970 नंतर ग्रॅफाइट आलं. आता लवचिकतेच्या पाच पायऱ्या आहेत: बायकांचा, वयस्करांचा, मधला, कडक आणि महाकडक. जोर कमी असलेल्याने महाकडक घेतला तर दांडा वाकतच नाही आणि चेंडू खालून, बहुधा उजवीकडे, भलत्याच्या अंगणात जातो. वर कहर म्हणजे या पायऱ्यांना सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा 'कडक' तो दुसरीचा 'मधला'. म्हणजे साडू हजारो रुपये मोजणार ते एका अक्षराला.

आमच्या गावी कुऱ्हाडीचा दांडा बसवायचा तर सुतार आधी विचारायचा, "कोण चालवणार?" मग तो माणसाला उभं करायचा, हात बघायचा आणि मगच बाभळीला वाकस लावायचा. गाठ नको, रेषा लांबीच्या बाजूने हवी, लाकूड वाळलेलं हवं. ओलं बसवलं तर वाळून आक्रसतं आणि पाचर ठोकत बसावं लागतं. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणून आपण त्या बिचाऱ्याला उगीच बदनाम केलं आहे. गोताला काळ होतो तो चुकीच्या मापाचा दांडा. डोकं निसटलं की शेजारच्याच्याच नडगीवर जातं.

साडू म्हणाले, "हे कुऱ्हाडीचं झालं हो."

ठीक. मग कोयत्याचं ऐका. दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती या कोयत्यावर. माणसं दोन, हिशेबात नग एक. माझ्या वाणिज्य शाखेत असली जमाखर्चाची रीत शिकवलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात हंगाम संपवून आलेली एक बाई माझ्या काउंटरवर पैसे काढायला आली. अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. पुसून बघितला, ओला करून बघितला. रेषाच झिजल्या होत्या. शेवटी कुठलंसं चौथं बोट लागलं आणि मशीनला पटलं की ही बाई म्हणजे हीच बाई. तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा घट्टा. मी विचारलं.

"कोयत्याची मूठ लई जाड हाय, साहेब. मुठीत मावत न्हाई. मालकाच्या हाताची हाय ती."

"मग तासून घ्यायची की!"

"कवा? रातीच्याला गाडी भरायची, का मूठ तासायची?"

पुढच्या आठवडी बाजारात मी मुद्दाम लोखंडी सामानाच्या पालावर गेलो. बाईमाणसाच्या हाताची मूठ आहे का, विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोयत्याला बांगड्या मागतोय. "एकच साइज असती, साहेब."

गोल्फमध्ये बायकांच्या दांड्याला स्वतंत्र अक्षर आहे. आठवड्याला एकदा चेंडू टोलवणाऱ्या बाईचं मनगट दुखू नये, याची काळजी कारखान्याने घेतली आहे. सबंध हंगाम रोज पहाटेपासून ऊस तोडणारीला मात्र मालकाच्या मापाची मूठ.

हे सगळं मी साडूंना फोनवर ऐकवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, लागलं वाटतं जिव्हारी.

"म्हणजे मधला घेऊ म्हणता?"

"मी काहीच घ्या म्हणत नाही. आधी हात दाखवा म्हणतोय."

पाच मिनिटांत त्यांनी हाताचा फोटो पाठवला. हातमोज्यासकट.